करारातला ‘शॅल’ मराठीत कसा आणायचा?

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातल्या एका फ्लॅटचा लिव्ह अँड लायसन्स करार इंग्रजीत आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांना वाचता यावा म्हणून तो मराठीत करायचाय. चार पानांत ‘शॅल’ हा शब्द एकतीस वेळा आलाय. पहिल्या खर्ड्यात तुम्ही सगळीकडे ‘-ईल’ लावलं. एका परिचितांनी तो वाचून सांगितलं की कायद्यात ‘शॅल’ म्हणजे ‘बंधनकारक’, तेव्हा सगळीकडे ‘बंधनकारक राहील’ करा. आणि शाळेत तर शिकवलं होतं की ‘आय’ आणि ‘वुई’ला ‘शॅल’, बाकी सगळ्यांना ‘विल’. या तिघांत बरोबर कोण?

तिघंही थोडे थोडे बरोबर आहेत, पण एकतीस ठिकाणी एकच उत्तर लावलं की तिघंही चुकतात. ‘शॅल’चा अर्थ काय, असं विचारत बसलात तर अडकाल. या वाक्यात कोणावर काय पडतंय, असं विचारा. करारातला ‘शॅल’ पाच-सहा निरनिराळी कामं करतो. इंग्रजीत ती एकाच शब्दाआड झाकली जातात. मराठीत त्यांना वेगवेगळी क्रियापदं आहेत, त्यामुळे निवड तुम्हालाच करावी लागते.

आधी शाळेचा नियम बाजूला करू. ‘शॅल’ मुळात ‘देणं लागणे’ या अर्थाचा शब्द. जर्मनमधला ‘शुल्ड’ हा त्याच कुळातला, आणि त्याचा अर्थ कर्जही होतो, अपराधही. ‘विल’चं मूळ मात्र इच्छेत. मराठी माणसाला हा प्रवास समजायला जड जाऊ नये. ‘मी त्याचे पाच हजार देणं लागतो’ आणि ‘मला उद्या जावं लागतं’ या दोन्हींत आपणही एकच क्रियापद वापरतो. देण्याचं ओझं आणि करण्याचं ओझं एकाच शब्दात मावतं. पुढे दोन्ही इंग्रजी शब्द झिजत झिजत नुसता भविष्यकाळ दाखवू लागले आणि त्यांची वाटणी करायची वेळ आली. जॉन वॉलिस नावाच्या गणितज्ञाने (अनंतासाठी आडव्या आठचं चिन्ह वापरात आणणारा तोच) १६५३ साली लॅटिनमध्ये लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात ही वाटणी मांडली: साधा भविष्यकाळ सांगायचा तर प्रथमपुरुषाला ‘शॅल’, बाकीच्यांना ‘विल’. वचन, धमकी किंवा हुकूम असेल तर उलट. या नियमावरचा जुना विनोद असा की एक परका माणूस पाण्यात पडून ओरडतो, ‘आय विल ड्राउन, नोबडी शॅल सेव्ह मी!’ आणि काठावरचे सभ्य लोक त्याची इच्छा मान्य करून निघून जातात. नियमाप्रमाणे त्याचं म्हणणं झालं, ‘मी बुडणारच, आणि खबरदार मला कोणी वाचवलं तर!’

लोक या नियमाने कधी फारसे बोलले नाहीत. अमेरिकेत रोजच्या बोलण्यातून ‘शॅल’ जवळजवळ गेलाच आहे. इंग्लंडमध्ये तो मुख्यतः विचारण्यात उरलाय: ‘शॅल वुई गो?’ म्हणजे ‘निघायचं का?’, ‘शॅल आय पुट द फॅन ऑन?’ म्हणजे ‘पंखा लावू का?’ आपलं ‘लावू का’ हे रूप त्याला इतकं चपखल बसतं की मराठी मुलांना तो नियमाने शिकवण्यापेक्षा या जोडीने शिकवावा. ‘मी येऊ का?’ला ‘आय विल कम?’ म्हणणारी मुलं मग आपोआप सुधारतात.

त्या नियमाचा एक धागा मात्र आपल्या कामाचा आहे. करारातले पक्ष नेहमी तृतीयपुरुषात असतात: ‘द लायसन्सी’ (जागा वापरायला घेणारा), ‘द लायसन्सर’ (ती देणारा मालक). जुन्या वाटणीनुसार तृतीयपुरुषाला ‘शॅल’ लावला की तो हुकूम ठरतो. कायद्याच्या लिखाणात हा शब्द घट्ट बसला त्याला हेही बळ आहे. म्हणजे तुमच्या परिचितांचं म्हणणं हवेतून आलेलं नाही.

आता ते कुठे तुटतं ते पाहू. भाडेकराराशी थेट संबंध असलेलं एकच कलम घेऊ: महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चं कलम ५५. त्यात असं आहे की भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी असला पाहिजे आणि नोंदणी अधिनियम, १९०८ खाली नोंदवलेला असला पाहिजे. इथे दोन ‘शॅल’ झाले, पण वाक्याचा कर्ता ‘करार’ आहे. करार काही उठून उपनिबंधकाकडे जाणार नाही. म्हणजे इथे कोणा माणसावर काम टाकलेलं नाही, वस्तू कशी असायला हवी ते सांगितलंय. काम कोणाचं ते पुढच्या पोटकलमात येतं: नोंदणीची जबाबदारी घरमालकावर ‘शॅल बी’. या ‘शॅल’ने जबाबदारी कुठे आहे ते नुसतं जाहीर केलं. त्याच पोटकलमात पुढे म्हटलंय की लेखी नोंदणीकृत करार नसेल तर अटी-शर्तींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ‘शॅल प्रिव्हेल’, म्हणजे ग्राह्य धरलं जाईल, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत. इथे कोणी काही करायचंच नाही. हा परिणाम आहे आणि तो आपोआप लागू होतो. शेवटी, जो घरमालक हे कलम मोडेल तो दोषी ठरल्यावर ‘शॅल बी पनिश्ड’: तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आता ‘शिक्षा भोगणं घरमालकावर बंधनकारक राहील’ असं लिहून बघा. हसू येईल, कारण हे वाक्य मुळात न्यायालयाला उद्देशून आहे.

एका कलमात पाच ‘शॅल’ आणि कामं निदान चार. इतकं पाहिल्यावर आपल्या करारात काय करायचं ते सोपं होतं.

इंग्रजी कराराची छापील प्रत घ्या. प्रत्येक ‘शॅल’भोवती गोल करा आणि समासात एक अक्षर लिहा. कसोटी अशी: ‘शॅल’च्या जागी मनातल्या मनात ‘हे करण्याची जबाबदारी अमक्यावर आहे’ असं घालून वाक्य वाचा. नीट लागलं आणि तो ‘अमका’ हाडामांसाचा माणूस किंवा संस्था असेल तर ‘क’ लिहा, कर्तव्याचा. नाही लागलं तर पुढे बघा. हक्क मिळतोय का? ‘ह’. नुसती व्याख्या, मुदत, लागू कायदा सांगितलाय का? ‘घ’, घोषणेचा. ‘नॉट’ किंवा ‘नो’ आहे का? ‘म’, मनाईचा. ‘इफ’च्या पोटात बसलाय का? ‘ज’, ‘जर’चा. चार पानांना अर्धा तास पुरतो, आणि हा अर्धा तास खर्ड्याच्या आधी घालायचा, नंतर नाही. एकदा ‘-ईल’ लिहून झालं की डोळा ते वाचून पुढे सरकतो.

‘घ’ सगळ्यात सोपा आणि बहुधा संख्येनेही बराच. ‘परवान्याची मुदत ११ महिने राहील.’ ‘या कराराला भारतीय कायदे लागू राहतील.’ दस्तांच्या मराठीत ‘राहील’ हे क्रियापद नेमकं यासाठीच तयार झालंय आणि वाचणाऱ्याच्या कानाला त्याची सवय आहे. व्याख्येत मात्र तेही नको. ‘प्रिमायसेस शॅल मीन’ म्हणजे सरळ ‘जागा म्हणजे’. ‘शॅल बी डीम्ड’ला ‘मानण्यात येईल’ किंवा ‘समजला जाईल’. ‘शॅल स्टँड टर्मिनेटेड’ हा थोडा कावेबाज आहे. त्याचा अर्थ कोणीतरी करार रद्द करील असा नसून तो आपोआप संपतो असा आहे, म्हणून ‘आपोआप संपुष्टात येईल’ यातला ‘आपोआप’ गाळू नका.

‘ह’मध्ये परिचितांचा सल्ला सगळ्यात जास्त घोटाळा करतो. ‘द लायसन्सर शॅल बी एन्टायटल्ड टू इन्स्पेक्ट’ म्हणजे मालकाला पूर्वसूचना देऊन जागा पाहण्याचा अधिकार राहील. त्याने पाहायलाच हवी असं नाही. इथे ‘बंधनकारक’ घातलं तर हक्काचं कर्तव्य होतं.

‘ज’ हे जुन्या इंग्रजीचं शेपूट आहे: ‘इफ एनी डिस्प्यूट शॅल अराइज’, ‘इफ द लायसन्सी शॅल फेल टू पे’. इथे ‘शॅल’चं वजन शून्य. मराठीत तो नाहीसा होतो: ‘वाद उद्भवल्यास’, ‘पैसे भरण्यात कसूर केल्यास’. यंत्राने केलेल्या अनुवादात ‘जर परवानाधारक पैसे भरण्यात अयशस्वी होईल’ असलं काहीतरी दिसतं. ते अर्थाने चुकत नाही म्हणा, पण मराठी वाचणाऱ्याला तिथे दोनदा थांबावं लागतं.

मनाईत दोन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या. ‘शॅल नॉट सबलेट’ म्हणजे पोटभाडेकरू ठेवता येणार नाही, किंवा ठेवू नये. ‘शॅल नॉट बी ऑब्लाइज्ड टू’ म्हणजे करायला बांधील राहणार नाही, म्हणजेच केलं तरी चालेल, नाही केलं तरी चालेल. घाईत दोन्हींना ‘करणार नाही’ लिहिलं जातं आणि फरक पुसला जातो. ‘नायदर पार्टी शॅल बी लायेबल’ला ‘दोघांपैकी कोणीही जबाबदार राहणार नाही’. ‘मे नॉट’ आला तर तो करारात बहुधा मनाईच असते, ‘कदाचित करणार नाही’ असा कधी नसतो.

उरलं ‘क’, आणि खरा खोल मुद्दा इथेच आहे. मराठीत कर्तव्य सांगायच्या पायऱ्या आहेत: ‘भरील’, ‘भरावे’, ‘भरले पाहिजे’, ‘भरणे आवश्यक आहे’, ‘भरणे बंधनकारक आहे’. (जाता जाता: ‘भरील, करील’ हे सकर्मक क्रियापदाचं जुनं शुद्ध रूप. ‘भरेल, करेल’ आता सर्रास चालतं. काहीही घ्या, पण एका करारात एकच ठेवा.) ‘लायसन्सी दरमहा शुल्क भरील’ हे ऐकायला भाकितासारखं वाटतं, भरील की नाही ते पाहू, असं. ‘भरावे’ची गंमत अशी की सरकारी पत्रात तो चोख हुकूम असतो, ‘सात दिवसांत खुलासा सादर करावा’, पण घरगुती वाचकाला तोच सल्ला वाटतो, ‘रोज सकाळी चालावे’सारखा. तुमचे वाचक घरातले वडीलधारे आहेत, तेव्हा ‘पाहिजे’ घ्या: ‘लायसन्सीने दरमहाचे शुल्क त्या महिन्याच्या ५ तारखेपर्यंत भरले पाहिजे.’ वाक्याची सुरुवातच ‘-ने’ने झाली की काम कोणावर आहे ते पहिल्या शब्दात कळतं. ‘बंधनकारक’ दोन-तीन ठिकाणांसाठी राखून ठेवा: जागा रिकामी करणं, नोंदणी, पोलिसांकडे माहिती देणं वगैरे. प्रत्येक ओळीत ‘बंधनकारक’ आलं की ते कोणाला जाणवेनासं होतं.

सगळ्यात धोकादायक रूप मात्र या पायऱ्यांवर नाहीच. ते आहे ‘-ण्यात येईल’. इंग्रजीत ‘द डिपॉझिट शॅल बी रिफंडेड’ असतं, आणि हात आपोआप लिहितो, ‘अनामत रक्कम परत करण्यात येईल’. कोण करणार? कधी? कशातून वजा करून? कर्मणी रचनेने कर्ता पळवला आणि मराठी ‘-ण्यात येईल’ने त्याचा माग पुसला. शासकीय मराठीने या रूपाला इतकं मानाचं पान दिलंय की ते लिहिताना आपण काही गाळतोय असं वाटतही नाही. मूळ करारात कर्ता दुसऱ्या कलमावरून कळत असेल तर मराठीत तो पुढे आणा: ‘जागा रिकामी करून ताबा दिल्यावर लायसन्सरने अनामत रक्कम लायसन्सीला परत केली पाहिजे.’ मूळ करारातच कर्ता किंवा मुदत नसेल तर तुम्ही मनाने घालू नका. समासात खूण करा आणि सही होण्यापूर्वी इंग्रजीतच दुरुस्त करायला सांगा. अनुवाद करताना सापडलेली अशी भोकं बहुधा कराराचीच असतात.

आतापर्यंतचं म्हणजे: ‘घ’ला ‘राहील’ किंवा ‘म्हणजे’, ‘ह’ला ‘अधिकार राहील’, ‘ज’ला ‘-ल्यास’, ‘म’ला ‘येणार नाही’ किंवा ‘बांधील नाही’ यांतलं योग्य ते, ‘क’ला ‘-ने … पाहिजे’.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेला भाग. वरचं सगळं वाचण्यासाठी केलेल्या प्रतीला लागू आहे, कारण तिथे अर्थ उलगडून दाखवणं हेच काम असतं. तुम्ही कायद्याचा किंवा न्यायालयात दाखल होणाऱ्या दस्ताचा अनुवाद करत असाल तर हात आखडता घ्यावा लागतो. संविधानाचं अधिकृत मराठी भाषांतर पाहा. पहिल्या अनुच्छेदात भारत राज्यांचा संघ ‘असेल’, चौदाव्यात राज्य कायद्यापुढची समानता ‘नाकारणार नाही’. दोन्हीकडे साधा भविष्यकाळ. कोणाला हे मिळमिळीत वाटेल, पण त्यामागे शहाणपण आहे. एखादा ‘शॅल’ खरंच बांधतो की नुसता दिशा दाखवतो, हे ठरवण्याचं काम न्यायालयाचं आहे, अनुवादकाचं नाही.

आणि न्यायालयं ते दोन्ही बाजूंनी ठरवतात. अनुच्छेद ३२० मध्ये आहे की सरकारी नोकराच्या शिस्तभंगाच्या प्रकरणात लोकसेवा आयोगाचा सल्ला ‘शॅल बी कन्सल्टेड’ अशा शब्दांत घ्यायचा. १९५७ मध्ये मनबोधन लाल श्रीवास्तव यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की ही तरतूद निदेशात्मक आहे, सल्ला घेतला नाही एवढ्याने कारवाई रद्द होत नाही. कायद्याच्या मराठीत याला ‘आज्ञापक’ (खरंच बांधणारी) आणि ‘निदेशात्मक’ (नुसती दिशा दाखवणारी) अशी जोडी आहे. त्या अनुच्छेदाच्या अनुवादात कोणी ‘बंधनकारक’ लिहिलं असतं तर निकालाने अनुवाद खोटा पडला असता.

असं का होतं, हे दिवाणी दाव्यातल्या कैफियतीच्या, म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तराच्या, मुदतीवरून फार स्वच्छ दिसतं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ८, नियम १ मध्ये प्रतिवादीने समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत कैफियत द्यायची, तिथे शब्द ‘शॅल’ आहे, आणि न्यायालयाने कारणं नोंदवून वाढवली तरी ९० दिवसांपलीकडे नाही. २००५ मध्ये कैलाश विरुद्ध नन्हकू या खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, ही मुदत निदेशात्मक आहे, अपवादात्मक परिस्थितीत पुढेही मुभा देता येईल. पुढे वाणिज्यिक न्यायालयांसाठी त्याच नियमात बदल झाला. १२० दिवसांनंतर कैफियत देण्याचा हक्क गमावला जाईल आणि न्यायालय ती नोंदवून घेणार नाही, असं स्पष्ट लिहिलं गेलं. २०१९ मध्ये एससीजी कॉन्ट्रॅक्ट्सच्या खटल्यात त्याच न्यायालयाने हे मात्र आज्ञापक ठरवलं. ‘शॅल’ दोन्हीकडे होता. फरक पडला तो पाळलं नाही तर काय होईल हे लिहिल्यामुळे.

भाडेकरार लिहिणाऱ्यांनी यातून घ्यायची गोष्ट अगदी व्यवहारी आहे. ‘बंधनकारक’, ‘सक्तीचे’, ‘कोणत्याही परिस्थितीत’ अशी विशेषणं चढवत बसण्यापेक्षा कलमाच्या शेवटी परिणाम लिहा. भाडे नियंत्रण अधिनियमाचं कलम २४ हेच करतं: मुदत संपल्यावर जागा न सोडणारा लायसन्सी, ताबा काढून घेतला जाईपर्यंत, शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाईला जबाबदार असतो. मराठी प्रतीत हे वाक्य ठळक करा. घरच्यांना त्याचा उपयोग जास्त.

‘शॅल’ आणि ‘मे’ यांच्या सीमेवर एक कलम बहुतेक करारांत असतं, लवादाचं. तिथे मराठीत एका शब्दाने दस्त फिरतो. ‘वाद लवादाकडे सोपवला जाईल’ हा ‘शॅल’. ‘वाद लवादाकडे सोपवता येईल’ हा ‘मे’. ‘जाईल’चं ‘येईल’ झालं की बांधिलकीची मुभा होते. वेलिंग्टन असोसिएट्स विरुद्ध किरीट मेहता या २००० सालच्या प्रकरणात ‘मे बी रिफर्ड’ अशा शब्दांचं कलम म्हणजे लवादाचा पक्का करार नव्हे, त्यासाठी पुन्हा दोघांची संमती लागेल, असं ठरलं. उलट बाजूही आहे. २००७ च्या जगदीश चंदर विरुद्ध रमेश चंदर खटल्यात कलमात ‘शॅल’ होता, पण पुढे ‘पक्षांनी तसं ठरवलं तर’ अशी शेपटी जोडलेली होती. सर्वोच्च न्यायालयाने त्यालाही लवादाचा करार मानलं नाही. तेव्हा ‘शॅल’ पाहून थांबू नका, पूर्णविरामापर्यंत वाचा.

संविधानात हीच गोष्ट एका तरतुदीच्या दोन अवतारांत दिसते. २००२ पूर्वीच्या अनुच्छेद ४५ मध्ये बालकांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण देण्याचा राज्य ‘शॅल एन्डेव्हर’ असं होतं. बांधिलकी होती ती फक्त प्रयत्न करण्याची. ८६ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या २१-ए मध्ये सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना राज्य ते ‘शॅल प्रोव्हाइड’. ‘शॅल’ तोच, त्याच्यापुढचं क्रियापद बदललं आणि प्रयत्नाच्या जागी हक्क आला. अनुच्छेद ७४ मध्ये तर या शब्दाने राष्ट्रपतींचं स्थान पक्कं केलं. मूळ मजकुरात साहाय्य आणि सल्ला देण्यासाठी मंत्रिमंडळ ‘असेल’ एवढंच होतं. सल्ल्याप्रमाणे राष्ट्रपती ‘वागतील’ हा ‘शॅल’ ४२ व्या दुरुस्तीने १९७६ मध्ये घातला. सल्ल्याचा फेरविचार करायला सांगण्याची मुभा १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने दिली, आणि तिथे शब्द आहे ‘मे’.

‘शॅल’ आता जुना झाला, बाहेर ‘मस्ट’ वापरतात, असं तुम्ही कुठेतरी वाचलंय. तेही अर्धं खरं आहे. दक्षिण आफ्रिकेच्या १९९६ च्या संविधानात कर्तव्य सांगायला ‘मस्ट’ आहे. अमेरिकेत संघीय न्यायालयांच्या नियमांची भाषा एकेक करून सोपी केली गेली, दिवाणी नियमांची पाळी २००७ ला आली, आणि ‘शॅल’ वेचून काढून तिथे ‘मस्ट’, ‘मे’ किंवा ‘शुड’ घातले. कारण ठोस होतं: त्यांच्याच सर्वोच्च न्यायालयात १९९५ मध्ये न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांनी लिहिलं होतं की ‘शॅल’ साधारणपणे ‘मस्ट’ असला तरी कायद्याचे लेखक तो कधी ‘शुड’, कधी ‘विल’, अगदी ‘मे’ या अर्थानेही वापरतात. पण गंमत पुढेच आहे. पूर्ण खटला न चालवता निकाल देण्याबाबतच्या नियम ५६ मध्ये २००७ ला ‘शॅल’चा ‘शुड’ झाला आणि २०१० मध्ये परत ‘शॅल’ आणावा लागला. त्या एका शब्दाभोवती इतके निकाल साचले होते की कोणताही पर्याय अर्थ हलवत होता. भारतात तर प्रश्नच नाही. २०२३ च्या भारतीय न्याय संहितेतही खुनाला मृत्युदंड किंवा जन्मठेप ‘शॅल बी पनिश्ड’ आहे आणि पुढे ‘शॅल ऑल्सो बी लायेबल टू फाइन’. मराठीत पहिल्याला ‘शिक्षा होईल’, दुसऱ्याला ‘द्रव्यदंडासही पात्र होईल’. ‘पात्र’ शब्द मुद्दाम आहे, कारण किती दंड हे न्यायालय ठरवतं.

तुम्ही नवा इंग्रजी करार स्वतः लिहीत असाल तर कर्तव्यासाठी ‘मस्ट’ वापरायला हरकत नाही, पण मग सगळीकडे तोच वापरा. अर्धे ‘मस्ट’ आणि अर्धे ‘शॅल’ ठेवले तर वाचणारा वकील पहिला प्रश्न हाच विचारील की फरक मुद्दाम आहे का.

निविदा किंवा तांत्रिक मानकं मराठीत करणाऱ्यांसाठी वेगळा नियम आहे, तोही इथेच सांगून टाकतो, कारण प्रश्नाखाली एकाने विचारलंय. आयएसओच्या मानकांत हे शब्द ठरवून वाटून दिलेत: ‘शॅल’ म्हणजे आवश्यकता, ‘शुड’ म्हणजे शिफारस, ‘मे’ म्हणजे परवानगी, ‘कॅन’ म्हणजे शक्यता. तिथे ‘शॅल’ला ‘-लाच पाहिजे’ किंवा ‘आवश्यक आहे’, ‘शुड’ला ‘-ावे’, ‘मे’ला ‘चालेल’ किंवा ‘मुभा आहे’, ‘कॅन’ला ‘शकते’ अशी जोडी सुरुवातीलाच जाहीर करून शेवटपर्यंत पाळावी. इंटरनेटच्या मानकांत आणखी एक पेच आहे. १९९७ च्या आरएफसी २११९ मध्ये ‘मस्ट’ आणि ‘शॅल’ एकाच अर्थाचे मानलेत, आणि २०१७ च्या आरएफसी ८१७४ ने स्पष्ट केलं की हा खास अर्थ फक्त मोठ्या लिपीत लिहिलेल्या शब्दांनाच. देवनागरीत मोठी-लहान लिपी नाही. म्हणून तिथे ठळक टाइप किंवा अधोरेखन ठरवून घ्यावं लागतं आणि पहिल्या पानावर तसं लिहावं लागतं. नाहीतर साध्या वाक्यातलं ‘पाहिजे’ आणि नियमातलं ‘पाहिजे’ वेगळं कळणार नाही.

आता परत तुमच्या एकतीस ‘शॅल’कडे. अशा नमुन्यातल्या करारात ‘क’ निम्म्याच्या आसपास निघाले तर ठीक. सगळेच ‘क’ आलेत असं दिसलं तर ‘शॅल बी एन्टायटल्ड’ आणि ‘शॅल मीन’ पुन्हा तपासा, ते हमखास चुकून तिथे पडतात. ‘क’ निघालेल्या वाक्यांची एक वेगळी यादी करा, डावीकडे लायसन्सरची, उजवीकडे लायसन्सीची. उजवी बाजू लांब असणारच, नमुने मालकाच्या बाजूने बनतात. पण डावीकडे अनामत परत करणं, सोसायटीचं देखभाल शुल्क भरणं आणि मोठी दुरुस्ती यांपैकी काहीच नसेल, तर त्या गोष्टी करारात कर्मणी रचनेत कुठेतरी लपल्यात किंवा मुळातच नाहीत. दोन्ही शक्यता सहीच्या आधी विचारून घ्या.

आणि मराठी प्रतीच्या पहिल्या पानावर, नावांच्याही वर, ही ओळ टाका: ‘हा मजकूर केवळ समजण्यासाठी आहे. यात आणि नोंदणीकृत इंग्रजी करारात तफावत आढळल्यास इंग्रजी करार ग्राह्य धरला जाईल.’ या शेवटच्या ‘जाईल’च्या जागी ‘धरणे बंधनकारक राहील’ करू नका, तो ‘घ’ आहे.